कुसात्सूचे आम्लजल आणि कुष्ठरोग

जपानमध्ये गरम पाण्याच्या झऱ्याला ‘ओन्सेन’ म्हणतात. १९४८ च्या कायद्यानुसार, उगमापाशी पाणी किमान २५ अंश सेल्सिअस असले किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असला, तर ते ओन्सेन ठरते. स्नानगृहात पाण्याच्या पृथक्करणाचा तक्ता लावावाच लागतो. कुसात्सू या गावी मी अशा स्नानगृहात प्रथमच गेलो, तेव्हा मला जपानी लिपी येत नव्हती. तक्त्यावरची आयनांची चिन्हे मात्र वाचता आली. कपडे उतरवून, बुटक्या स्टुलावर बसून अंग साबणाने धुवायचे आणि मगच सामाईक हौदात उतरायचे, असा रिवाज आहे. हौद मळ काढण्यासाठी नसतोच.

कुसात्सू हे शिराने ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे १२०० मीटर उंचीवर वसले आहे. ज्वालामुखीतील वायू भूजलात विरघळून गंधकाम्ल व हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. त्यामुळे पाण्याचा सामू २ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतका असतो. अंगावर कुठे ओरखडा असेल तर तो लगेच चुरचुरतो. लोखंडी खिळा या पाण्यात ठेवला तर काही दिवसांत झिजून जातो.

पाणी फार गरम, पण थंड पाणी मिसळले तर ते पातळ होणार! म्हणून लांब फळ्यांनी पाणी घुसळून निववण्याची ‘युमोमी’ ही पद्धत निघाली. घुसळल्याने बाष्पीभवन वाढते आणि उष्णता निघून जाते. आम्ल मात्र तेवढेच राहते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे शिस्तबद्ध सामूहिक स्नान रूढ झाले. सुमारे ४८ अंशांच्या पाण्यात स्नानप्रमुखाच्या हुकमाने सर्वांनी एकदम उतरायचे आणि ३ मिनिटांनी बाहेर यायचे. १८७६ मध्ये जपानला वैद्यक शिकवायला आलेल्या एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरांनी या उपचारांचा अभ्यास केला आणि कुसात्सूचे नाव युरोपात पोहोचवले.

या पाण्याच्या आशेने कुष्ठरुग्णही येत. १८८७ मध्ये त्यांना गावाच्या एका बाजूला, युनोसावा या वस्तीत हलवण्यात आले. तेथे त्यांनी स्वतःचे कारभार, दुकाने, संसार उभे केले. १९३० च्या सुमारास वस्ती आठशेच्या घरात गेली होती. आता विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारून पाहा. इतक्या आम्लात बहुतेक जीवाणू मरतात, मग कुष्ठरोग का बरा होत नव्हता? आम्ल कातडीच्या पृष्ठभागावर काम करते. उघड्या जखमांतील इतर जंतू कमी होऊन रुग्णाला आराम वाटत असेल, हे पटण्याजोगे आहे. पण १८७३ मध्ये हान्सेन यांनी शोधलेला कुष्ठजंतू त्वचेच्या आतील पेशींत आणि मज्जातंतूंत दडतो. तिथवर हे आम्ल पोहोचतच नाही. लोक भोळे होते म्हणून फसले, असे मी म्हणणार नाही. दिसणारा आराम खरा होता, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा होता.

१९३२ मध्ये जवळच सरकारी कुष्ठधाम उघडले. त्याचे नाव ‘राकुसेन-एन’, म्हणजे आनंदी झऱ्याची बाग. युनोसावा १९४१ मध्ये मोडण्यात आली. कुष्ठधामाच्या आवारात १९३८ ते १९४७ या काळात एक कडक कोठडी होती. नियम मोडणाऱ्या किंवा नकोशा ठरलेल्या रुग्णांना, बहुधा खटल्याशिवाय, तेथे कोंडत. कडाक्याच्या थंडीतही तिथे शेगडी नसे. कोंडलेल्या ९३ जणांपैकी २३ दगावले.

१९४१ पासून अमेरिकेत वापरलेले प्रोमिन हे सल्फोन गटातील औषध युद्धानंतर जपानात आले आणि रोग खरोखर बरा होऊ लागला. तरीही १९५३ च्या कायद्याने विलगीकरण चालूच ठेवले. तो कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने हे धोरण घटनाबाह्य ठरवले. सरकारने अपील केले नाही.