हातचा कोण पुसणार ?

घरोघरच्या धुलाईयंत्रांत आज एक चिमुकला संगणक मुकाट्यानें राबत असतो. अशा संगणकाशीं मध्यस्थावांचून, त्याच्याच अंकांच्या भाषेंत बोलण्याची विद्या सामान्य माणसाच्या हातीं कशी आली, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१९७५ सालीं अमेरिकेंतील मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीनें ‘६५०२’ नांवाचा मायक्रोप्रोसेसर अवघ्या २५ डॉलरांस विकावयास काढला. चक पेडल व त्यांचे सहकारी यांनीं तो मुख्यतः यंत्रांच्या नियंत्रणासाठीं योजिला होता. परंतु नुसता मायक्रोप्रोसेसर हातीं घेऊन कोणास काय शिकतां येणार ? म्हणून इंजिनियरांना त्याची ओळख व्हावी यासाठीं १९७६ सालीं ‘किम-१’ ही पाटी निघाली. किंमत २४५ डॉलर. इंजिनियरांइतक्याच हौसेनें ती हौशी मंडळींनींही विकत घेतली.

या पाटीवर ना पडदा, ना टंकलेखनाची सोय. २३ कळा, सहा अंक दाखविणारे दिवे, आणि स्मृतीचे ११५२ खण. एकेका खणांत ० पासून २५५ पर्यंतची एक संख्या मावे. कळा वाचणें व दिवे उजळणें एवढें काम कायम स्मृतींतील एक छोटा कार्यक्रम करी. ‘गो’ची कळ दाबली कीं तोहि बाजूस सरे आणि सारा कारभार शिकणाराच्या आज्ञांवर येऊन पडे.

सोबतच्या पुस्तिकेंत आरंभींच एक साधा पाठ होता : दोन संख्यांची बेरीज. तिच्यांतील पहिलीच आज्ञा मोठी बोधप्रद आहे. ती म्हणते, “हातचा पुसून टाक.” बेरजेचा हातचा आपण मनांत धरतों; हा मायक्रोप्रोसेसर त्यासाठीं एक स्वतंत्र खूण राखतो आणि बेरजेची आज्ञा मिळतांच ती खूणहि मिळवितो. पूर्वीच्या कामाचा हातचा उरला असेल आणि तो पुसला नसेल, तर दोन आणि तीन मिळून सहा होतात ! यंत्र कुरकुरत नाहीं, दिवे तितक्याच ऐटींत चुकीचें उत्तर दाखवितात. व्याख्यानांतून हें कितीहि सांगितलें तरी तें कानाआड होतें. स्वतःच्या बोटांनीं आज्ञा भरून तें ‘सहा’ पाहणारा मात्र जन्मभर विसरत नाहीं.

१९७७ सालीं बटरफील्ड, ओकर्स व रेह्न्के यांचें ‘द फर्स्ट बुक ऑफ किम’ प्रसिद्ध झालें. त्यांतील चंद्रावर यान उतरविण्याचा खेळहि त्याच सहा दिव्यांवर चाले. अशा रीतीनें हौशी माणसें एकमेकांचे गुरु झालीं.

आतां पाट्या त्याहून कितीतरी स्वस्त झाल्या आहेत, व नवा विद्यार्थी एक दिवा उघडझाप करवून श्रीगणेशा करतो. पुढें याच विद्येवर रुग्णास मोजून औषध देणारीं यंत्रें चालतात. तेथें हातचा पुसला आहे किंवा नाहीं हें कोणास तरी स्वतःच्या हातानें पाहिलेलें असावें लागतें.