विल्यम मार्शलचें घराणें : एक सनद व एक पोथी

पेंब्रोकचा अर्ल विल्यम मार्शल (मृत्यु १२१९) हा इंग्लंडच्या चार राजांची सेवा करून अखेरीस बाल राजा तिसरा हेन्री ह्याचा कारभारी झाला. एवढ्या पुरुषाचें कुल मात्र दोन पिढ्यांपलीकडे नेतां येत नाहीं.

'मार्शल' हें मूळचें कुलनाम नव्हे. जर्मानिक भाषांतील ह्या शब्दाचा अर्थ अश्वसेवक. राजाच्या अश्वशाळेवरील हुद्दा वंशपरंपरेनें चालला, आणि आपल्याकडील फडणीस-चिटणीसांप्रमाणें त्याचेंच आडनांव झालें. हुद्द्याविषयीं तंटाही पडला. पहिल्या हेन्रीच्या कारकीर्दींत (११००–११३५) विल्यमचा आजा गिल्बर्ट व बाप जॉन ह्यांच्याविरुद्ध दोघांनीं दावा सांगितला. राजसभेचा निवाडा बापलेकांच्या बाजूनें झाला. हें कळतें तें जॉन राजानें १२०० सालीं विल्यमला दिलेल्या सनदेवरून. महजर वाचणाऱ्यांस ही रीत परकी वाटणार नाहीं. वंशवृक्ष गिल्बर्टपाशींच थांबवावा, असें आमचें मत आहे.

दुसरें साधन म्हणजे विल्यमचें फ्रेंच पद्यमय चरित्र. तें त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत रचलें गेलें. चरण १९,२१४, आणि प्रत एकच. ती १८६१ सालीं लंडनच्या एका लिलावांत पॉल मेयर ह्या तरुण फ्रेंच पंडिताच्या दृष्टीस ओझरती पडली व लागलीच नाहींशी झाली. सर टॉमस फिलिप्स ह्या संग्राहकानें ती घेतली होती. त्याच्या सुमारें साठ हजार हस्तलिखितांच्या राशींत ती पडून राहिली. मेयरनें शोध सोडला नाहीं. १८८१ सालीं चेल्टनहॅम येथें ती पुन्हां त्याच्या हातीं आली, आणि १८९१ ते १९०१ ह्या काळांत तीन खंडांत छापून निघाली. वीस वर्षें एका कपाटानें गिळलीं! दप्तरें कुलुपांत ठेवून त्यांचें रक्षण केल्याचें समाधान मानणारे गृहस्थ आम्हींही पाहिले आहेत.

तथापि हें चरित्र थोरल्या मुलानें रचविलेलें आहे, हें विसरतां कामा नये. ११५२ च्या न्यूबरीच्या वेढ्यांत बापानें बाल विल्यमला ओलीस देऊन वचन मोडलें, ही प्रसिद्ध कथा त्यांतलीच. पराक्रमासाठीं पोथी पाहावी. पिढ्यांसाठीं सनदच प्रमाण धरावी.

विल्यमचे पांचही पुत्र क्रमानें अर्ल झाले आणि निपुत्रिक वारले. शेवटचा अन्सेल्म १२४५ सालीं गेला. जहागीर पांच कन्यांच्या वंशांत वांटली गेली, आणि मार्शलचा हुद्दा थोरली मॉड हिच्याकडून बिगॉड घराण्यांत गेला.