पेण ते रोहा, आणि पुढे पावणेतीन किलोमीटर

पेणहून रोह्याकडे निघालेली गाडी कासू, नागोठणे आणि निडी ही स्थानके घेत सुमारे चाळीस किलोमीटर धावते. भोगावतीच्या गावातून निघायचे, वाटेत अंबा ओलांडायची आणि कुंडलिकेच्या काठी उतरायचे, एवढाच हा प्रवास. खिडकीशी बसलेल्या प्रवाशाची एक डुलकी होईपर्यंत तो संपतो.

आता हेच अंतर न थांबता पायी धावून कापायचे आहे, अशी कल्पना करावी. १८९६ साली अथेन्सला पहिल्या ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली, तिचे अंतर जवळपास इतकेच होते. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे झालेली मॅरेथॉन मात्र ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सर्वांत लांब मॅरेथॉन. म्हणजे रोहा स्थानक आले तरी पावणेतीन किलोमीटर शिल्लकच!

त्या शर्यतीच्या आरंभरेषेवर दोन हौशी धावपटू मुंबई इलाख्यातून आलेले होते. एक बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले, दुसरा साताऱ्याचा सदाशिव दातार. ऑलिंपिक मॅरेथॉन धावणारे हे पहिले भारतीय. हा धागा त्यांच्याविषयी आहे; पण त्याहून अधिक, ते ज्या तयारीने तिथे पोहोचले त्या तयारीविषयी आहे.

आरंभी एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे लांब पल्ल्याचे धावणे नवे नव्हते, मग मॅरेथॉन तरी काय अवघड, असे अनेकांना वाटते. मराठेशाहीत जासूद होते, पुढे कंपनीच्या आणि राणीच्या राज्यात डाकेचे हरकारे होते. खांद्यावर थैली आणि हातात घुंगुरकाठी घेतलेला हरकारा घाट आणि खाड्यांच्या मुलखात पुष्कळ काळ दिसत राहिला. परंतु डाकेची सारी व्यवस्था टप्प्यांवर उभी होती. एका माणसाने काही मैल जायचे, थैली पुढच्याच्या हाती द्यायची आणि विसावा घ्यायचा. डाक अखंड धावे, माणूस नव्हे. मॅरेथॉनची मागणी नेमकी उलटी आहे: थैली कुणाला देता येत नाही. पल्ल्याच्या शेवटच्या चौथ्या भागात शरीरातला साखरेचा साठा संपत येतो आणि पाय जड होतात. पेण-रोहा मार्गावर सांगायचे तर ही अवस्था नागोठणे आणि निडी यांच्या दरम्यान कुठेतरी येते. हरकाऱ्याला त्या अवस्थेपर्यंत जावेच लागत नसे.

म्हणून मॅरेथॉनचा सराव हा वेगळाच प्रकार आहे आणि पश्चिम भारतात त्याला जी संघटित सुरुवात झाली, तिचे मोठे श्रेय पुण्याच्या डेक्कन जिमखान्याकडे जाते. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या अध्यक्षपदी पुढे दोराबजी टाटा आले. दोराबजी केंब्रिजमध्ये शिकलेले, खेळाचे वेड असलेले गृहस्थ. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहायला ते गेले, तेव्हा समोर उतरलेली बहुतेक मुले शेतकरी घरांतली होती. १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा अनुभव सांगितला आहे. मुलांना आधुनिक नियमांची माहिती नव्हती. शंभर यार्डांची शर्यत आखलेल्या पट्ट्यांशिवाय आणि वळणावरून धावण्याचा बेत होता. परंतु सुमारे २५ मैलांच्या शर्यतीत हीच मुले अनवाणी धावली आणि त्यांनी दिलेल्या वेळा युरोपातल्या वेळांशी तुलना करता येण्याजोग्या होत्या, असा त्या पत्राचा आशय आहे.

हे पत्र भारतीय ऑलिंपिकच्या इतिहासात फार वेळा उद्धृत होते, आणि ते वाचताना थोडी सावधगिरी हवी. पत्रातला शेतकरी मुलगा हा निसर्गाने घडवलेला, शिक्षणाचा स्पर्श नसलेला धावपटू आहे. श्रीमंत, सहृदय आणि इंग्लंडमध्ये शिकलेल्या माणसाला तो तसाच दिसणार. पण सराव ही गोष्ट केवळ मैदानावर घड्याळ लावून होते काय? रोज शेतावर राबणारे, बाजाराच्या गावी कित्येक मैल चालत जाणारे आणि तसेच परतणारे शरीर दीर्घ श्रमाला आधीच सरावलेले असते. तळव्यांना खडी टोचत नाही, कारण वर्षानुवर्षे ती टोचलेली असते. या मुलांना सराव नव्हता असे म्हणणे चूक ठरेल. त्यांच्या सरावाला नाव नव्हते, इतकेच.

येथे ‘हौशी’ या शब्दापाशी थांबणे भाग आहे. मराठीत हौशी म्हणजे हौसेखातर करणारा. हौशी रंगभूमीवर कारकूनही असतो आणि शिक्षकही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मात्र या अर्थाचा शब्द वर्गवाचक होता. १८६६ मध्ये लंडनच्या हौशी अ‍ॅथलेटिक क्लबने जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात पैशासाठी न धावण्याची अट तर होतीच. शिवाय कारागीर आणि मजूर यांना हौशी मानण्यास नकार होता. हाताने काम करणाऱ्याचे शरीर कामामुळेच कमावले जाते, तेव्हा त्याने सभ्य गृहस्थाशी स्पर्धा करणे अन्याय्य, असा त्यामागचा युक्तिवाद! १८८० मध्ये नव्या राष्ट्रीय संघटनेने ही अट गाळली, नाहीतर जिमखान्यावर धावलेली शेतकऱ्यांची मुले त्या व्याख्येत बसलीच नसती. गंमत अशी की, त्या जुन्या आणि अन्यायी नियमाला एक गोष्ट दोराबजींच्या पत्रापेक्षा नीट कळली होती: श्रम हाही सरावच असतो.

मग शास्त्रशुद्ध सराव म्हणून जगात काय चालले होते? उत्तर फारसे अभिमानास्पद नाही.

१९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन कडक उन्हात आणि धुळीच्या रस्त्यावर झाली. पाणी जवळजवळ मिळतच नव्हते, कारण धावताना पाणी पिणे घातक असते असा तेव्हाचा समज होता. विजेता टॉमस हिक्स याला वाटेत स्ट्रिक्नीन हे विष आणि ब्रँडी देऊन उभे ठेवण्यात आले. याच शर्यतीत दक्षिण आफ्रिकेचे लेन ताउन्याने आणि यान माशियानी हे दोन त्स्वाना धावपटू होते. बोअर युद्धाच्या प्रदर्शनी खेळासाठी त्यांना अमेरिकेत आणले होते. युद्धात ते निरोपे होते असे सांगतात. म्हणजे त्यांच्याकडचे हरकारेच म्हणायचे. ताउन्यानेच्या मागे कुत्रा लागला आणि तो मार्गाबाहेर बराच पळाला, तरीही नववा आला.

१९१२ साली स्टॉकहोममध्ये तर शोकांतिकाच झाली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा पेशाने सुतार. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्याने अंगाला मेणासारखा लेप लावला होता. लेपाने घाम अडला, तो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. आधुनिक ऑलिंपिकमध्ये स्पर्धेत कोसळून गेलेला हा पहिला खेळाडू. पाणी, मीठ, उष्णता आणि विश्रांती यांविषयी आज कोणत्याही हौशी धावपटूला जे ठाऊक असते, ते त्या काळी ऑलिंपिकच्या वैद्यांनाही ठाऊक नव्हते.

अशा काळात भारताचा पहिला संघ निघाला. दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकडे शब्द टाकला, भारताच्या सहभागाला मान्यता मिळाली, पुण्यात निवड चाचणी झाली आणि खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला. संघात खेळाडू अवघे सहा: चौगुले आणि दातार यांच्यासह हुबळीचा कैकाडी, बंगालचा पूर्मा बॅनर्जी, आणि कुस्तीसाठी मुंबईचा नवले व कोल्हापूरचा शिंदे. बोटीने विलायत, इंग्लंडमध्ये काही आठवड्यांचा सराव आणि मग अँटवर्प.

बोटीच्या प्रवासाकडे इतिहासकार सहसा लक्ष देत नाहीत. धावपटूच्या दृष्टीने तो सर्वांत मोठा अडथळा होता. मुंबईहून इंग्लंडला पोहोचायला तेव्हा तीन आठवड्यांच्या आसपास लागत. शेतावर आणि सडकेवर कमावलेला दम डेकवर फेऱ्या मारून टिकत नाही. दोन-तीन आठवडे धावणे थांबले की सहनशक्ती उतरू लागते, हे आज प्रत्येक हौशी धावपटू आजारपणात किंवा पावसाळ्यात अनुभवतो. त्यातून उतरल्यावर हवा निराळी, अन्न निराळे, पायाखालची जमीन निराळी. भारतातल्या उन्हाळ्यात चढलेली तयारी समुद्रावर उतरली आणि इंग्लंडमध्ये ती पुन्हा चढवावी लागली. सरावातले हे चढउतार कोणत्याही निकालपत्रकात दिसत नाहीत.

अँटवर्पमध्ये चौगुलेने १०,००० मीटरच्या शर्यतीतही भाग घेतला आणि पहिल्या फेरीतच तो बाद झाला. ही फेरी मॅरेथॉनच्या जेमतेम तीन दिवस आधी होती. आजचा कोणताही प्रशिक्षक मॅरेथॉनपूर्वीच्या आठवड्यात असे धावणे करू देणार नाही. त्या दिवसांत सराव कमी करून पायांना विसावा द्यायचा असतो. पण इतक्या दुरून, इतक्या खर्चाने आणलेल्या खेळाडूला एका शर्यतीसाठी बसवून ठेवणे त्या काळी कुणाला सुचले असते, असे वाटत नाही.

२२ ऑगस्ट १९२०. हवा गार आणि पावसाळी होती. फिनलंडचा हान्नेस कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. एस्टोनियाचा युरी लोसमान त्याच्या मागे अवघे तेरा सेकंद होता. कोलेहमायनेन हा १९१२ च्या तीन सुवर्णपदकांचा मानकरी, पण मधल्या काळात अमेरिकेत जाऊन गवंडीकाम करणारा. विजेताही हाताने राबणाराच निघाला.

फडेप्पा चौगुले एकोणिसावा आला. वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद.

हा आकडा नुसता वाचून सोडण्यासारखा नाही. ४२.७५ किलोमीटरने भागला, तर प्रत्येक किलोमीटरला चार मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळ पडतो. याच गतीने मॅरेथॉनचे आजचे प्रमाणित अंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, कापायला सुमारे २ तास ४८½ मिनिटे लागतील. आज उत्तम बूट, मनगटी घड्याळ आणि वर्षभराचे वेळापत्रक हाताशी असलेले असंख्य हौशी धावपटू तीन तासांच्या आत येण्यासाठी वर्षानुवर्षे झटतात. चौगुलेच्या गतीने पेणहून निघालेला माणूस रोह्याला २ तास ४० मिनिटांत पोहोचेल. मात्र कोलेहमायनेनची शर्यत त्यापूर्वी सात मिनिटे संपलेली होती, हेही विसरू नये.

एवढ्या कामगिरीची घरी दखल किती घेतली गेली असेल, याचा अंदाज तारखांवरून येतो. शर्यतीच्या बरोबर तीन आठवडे आधी, १ ऑगस्टला, मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले होते आणि त्याच दिवशी असहकाराचे पर्व सुरू झाले होते. एकोणिसाव्या क्रमांकासाठी महाराष्ट्राच्या मनात त्या वेळी जागा कुठली? संघातल्या शिंदेने कुस्तीत चौथा क्रमांक मिळवला, पदक थोडक्यात हुकले. तोही असाच विस्मरणात गेला.

१९२१ साली मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असे कायमचे ठरले. त्यामुळे चौगुलेची वेळ पुढच्या कोणत्याही ऑलिंपिक वेळेशी सरळ ताडून पाहता येत नाही. १९७६ मध्ये माँट्रियलला शिवनाथ सिंग अकरावे आले, २ तास १६ मिनिटे २२ सेकंदांत. त्या दिवशीही तुलना क्रमांकांचीच करावी लागली.

आणि सदाशिव दातार? निकालपत्रकात त्याच्या नावापुढे वेळ नाही, क्रमांकही नाही. शर्यत अपूर्ण, एवढीच नोंद. गावातल्या शर्यती, पुण्यातली चाचणी, बोट, इंग्लंडमधला सराव हे सारे त्यानेही चौगुलेबरोबरच केले होते. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या बहुतेक हौशी धावपटूंना पहिल्या प्रयत्नात ज्या ठिकाणी थांबावे लागते, तिथेच कुठेतरी तो थांबला असावा: नागोठणे मागे पडलेले, आणि निडी अजून न दिसणारी.