कागदावर सही करण्याआधी इंग्रजी शब्दाची सुरुवात वाचा

सीमाभागात बँकेची, कचेरीची पत्रं बहुतेक कन्नड नाहीतर इंग्रजीत येतात. कन्नड न वाचता येणारा माणूस इंग्रजी कागद पुढे ओढतो आणि ओळखीच्या शब्दावरून अंदाज बांधतो. फसगत होते ती शब्दाच्या सुरुवातीला, म्हणजे उपसर्गात.

कर्जाच्या कागदात ‘रीपेमेंट’ आणि ‘प्रीपेमेंट’ दोन्ही असतात. ‘री’ म्हणजे परत, ‘प्री’ म्हणजे आधी. पहिली साधी परतफेड. दुसरी मुदतीआधीची, आणि काही कर्जांत तिच्यावर वेगळा चार्ज लागतो. ‘को’ म्हणजे सह. ‘को-बॉरोअर’ म्हणून सही केली की आपण नुसते साक्षीदार राहत नाही. हप्ते थकले तर बँक आपल्याही दारात येते. ‘सब’ म्हणजे खालचा, पोटातला. ‘सबलेट’साठी आपला शब्द तयारच आहे: पोटभाड्याने देणे.

नकाराचे उपसर्ग बरेच आहेत: अन, इन, नॉन, डिस. ‘एन.ए.’ जमिनीतल्या ‘नॉन’चं आपण केव्हाच ‘बिन’ केलंय, बिनशेती! ‘अनादर’मधला आपला ‘अन्’ आणि इंग्रजीतला ‘अन’ तर मुळात एकाच घराण्यातले. ‘इन’ मात्र पुढचं अक्षर बघून रूप बदलतो, आपल्या संधीसारखा. म्हणून इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर.

बचत खातं ‘इनऑपरेटिव्ह’ झालं म्हणजे पैसे बुडाले, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ग्राहकाने २ वर्षांहून जास्त काळ व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय धरतात. केवायसीचे कागद दिले की ते पुन्हा सुरू होतं. १० वर्षं कुणी फिरकलं नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरीही खातेदाराला किंवा वारसाला ती बँकेकडे मागता येते.

आता खरी गोम. ‘इन’ दर वेळी नकारच देतो असं नाही. टँकरवरच्या ‘इन्फ्लेमेबल’चा अर्थ ‘न पेटणारं’ नव्हे, चटकन पेट घेणारं! इथला ‘इन’ लॅटिनमधला ‘आत’ या अर्थाचा.

‘अँटी’चंही तसंच. अँटिबायोटिकमधला ‘अँटी’ म्हणजे विरुद्ध. पण कोर्टाच्या बातमीतल्या ‘अँटिसिपेटरी बेल’मध्ये अटकेला विरोध वगैरे काही नाही. तिथे लॅटिनचा ‘आधी’ या अर्थाचा उपसर्ग आहे, स्पेलिंग तेवढं सारखं झालंय. मराठीत आपण बरोबर लिहितो: अटकपूर्व जामीन.