सक्तीचे प्रवेश-नियंत्रण व सर्व्हरवरील डीमन : धोरणाच्या जुळणीचा इतिहास

युनिक्सच्या परंपरेत फाईल कोणी वाचावी व कोणी लिहावी, हे तिच्या मालकाने ठरवावयाचे असते. आणि ‘रूट’ हा अधिकारी ह्या सर्व निर्बंधांच्या पलीकडचा मानला जातो. पडद्याआड अखंड चालणाऱ्या ‘डीमन’ ह्या सेवक-प्रक्रियांपैकी अनेक पूर्वी रूटच्याच अधिकाराने चालत. अशी एखादी प्रक्रिया आक्रमकाच्या हाती गेली, की संपूर्ण यंत्र त्याच्या स्वाधीन होई. मालकाच्या इच्छेवर अवलंबून नसलेले, कर्नलनेच सक्तीने पाळावयाचे नियंत्रण असावे, ही कल्पना ह्या उणिवेवर उतारा ठरली.

तथापि तिचा उगम सर्व्हरच्या चिंतेतून झालेला नाही. इ. स. १९७३ मध्ये बेल व लापाड्युला ह्यांनी अमेरिकी वायुदलासाठी जो आराखडा मांडला, त्याचा पाया लष्करी कागदपत्रांची गोपनीयता हा होता. परंतु वेब-सर्व्हरच्या कामाची विभागणी ‘गुप्त’ व ‘अतिगुप्त’ अशा पायऱ्यांत होत नाही. म्हणून बोबर्ट व केन ह्यांनी १९८५ मध्ये मांडलेली प्रकारनिष्ठ पद्धती अधिक फलदायी ठरली. तीत प्रक्रियेस एक ‘क्षेत्र’ व फायलीस एक ‘प्रकार’ लाभतो. कोणत्या क्षेत्राने कोणत्या प्रकारास काय करावे, हे धोरण सांगते, आणि जे सांगितलेले नाही ते निषिद्ध समजले जाते. हीच पद्धती पुढे फ्लास्क ह्या रचनेत आली, आणि तिच्या आधारे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये एसई-लिनक्स प्रसिद्ध केले. डिसेंबर २००३ मधील लिनक्स २.६ ह्या कर्नलमध्ये ते अंतर्भूत झाले.

खरी कसोटी यानंतर लागली. फेडोरा कोअर २ (मे २००४) साठी सर्वच प्रक्रियांना बांधणारे कडक धोरण तयार करण्यात आले. परंतु नित्याच्या कामांत त्याचे इतके अडथळे होऊ लागले, की अखेरीस ते मुळातच बंद ठेवून वितरण करावे लागले. फेडोरा कोअर ३ (नोव्हेंबर २००४) मध्ये मार्ग बदलला. सुमारे डझनभर डीमनच तेवढे बंधनात ठेवण्यात आले. इतर प्रक्रिया मोकळ्या राहिल्या. वरवर पाहता ही माघार होय. वस्तुतः तिच्यामुळेच सक्तीचे नियंत्रण सामान्य सर्व्हरवर टिकून राहिले.

तरीही स्थानिक जुळणीचा प्रश्न उरलाच. प्रशासक गृह-निर्देशिकेत पान तयार करतो व ते वेब-सर्व्हरच्या निर्देशिकेत हलवितो. हलविलेली फाईल आपले जुने लेबल बरोबर नेते. नक्कल केलेली नवी फाईल मात्र सामान्यतः नव्या जागेचे लेबल घेते. त्यामुळे वाचनाची परवानगी असूनही सर्व्हरला नकार मिळतो. येथे दोष धोरणात नसून लेबलात आहे, आणि ते पूर्ववत केले की काम भागते. डीमन अनोळखी पोर्टवर चालवावयाचा असल्यास त्या पोर्टची योग्य प्रकारात नोंद करावी लागते. वेब-सर्व्हरला दूरच्या माहितीसंचाशी जोडणी हवी असल्यास धोरणकर्त्यांनी आधीच ठेवलेली कळ फिरवावी लागते. हे तिन्ही उपाय अपुरे पडले, तरच नवा नियम लिहिण्याचा प्रसंग येतो.

ह्या ठिकाणी ‘ऑडिट-टू-अलाऊ’ हे साधन उपयुक्त, पण तितकेच धोक्याचे आहे. नोंदवहीतील प्रत्येक नकाराचे ते परवानगीत रूपांतर करून देते. तो नकार प्रामाणिक गरजेचा होता की आक्रमणाचा, हे मात्र ते जाणत नाही. प्रयोगांतील प्रत्येक चूक नियम म्हणून नोंदविणारे व्याकरण जसे व्याकरण राहत नाही, तसेच सर्व नकार पुसून टाकणारे धोरण धोरण राहत नाही.

पूर्वी अडचणीच्या वेळी बहुधा संपूर्ण यंत्रणाच सैल केली जाई. २००८ मधील २.६.२६ ह्या कर्नलने एकाच क्षेत्रापुरती सूट देण्याची सोय केली. तेव्हापासून एका डीमनचे उल्लंघन केवळ नोंदविता येते, तर इतरांवरील सक्ती अबाधित राहते. २००४ मधील माघारीत जे तत्त्व होते, तेच येथे अधिक सूक्ष्म रूपाने दिसते : बंधनाचे क्षेत्र लहान केले म्हणजे बंधन पाळणे शक्य होते. कडक परंतु बंद ठेवलेल्या धोरणापेक्षा मर्यादित परंतु जागते धोरण सर्व्हरचे अधिक रक्षण करते, हाच ह्या इतिहासाचा निष्कर्ष होय.