जळालेली गुराब

साकेत नगरातील आमच्या घरापासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. तरीही शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती घडविण्याचा छंद आम्हांस जडला. आरंभ परदेशी जहाजापासून झाला. देवमाशांच्या शिकारीचा इतिहास वाचताना अमेरिकेत १८४१ साली बांधलेल्या 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन'ची ओळख झाली. तेलासाठी देवमासे मारण्याचा तो धंदा क्रूर खराच. परंतु ऐंशी वर्षांत ३७ सफरी केलेले ते जहाज मिस्टिक येथील संग्रहालयात आजही तरंगते आहे. त्याची मापे उपलब्ध असल्याने प्रतिकृती करणारा अडत नाही.

मग मनात आले, आपल्या आंग्र्यांची गुराब का करू नये? तेथे मात्र हात थांबले. मोजावयास जहाजच उरलेले नाही. ऑर्म या इंग्रज इतिहासकाराच्या वर्णनावर भिस्त ठेवावी लागते. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची. नाळ लांब, निमुळती, पुढे झेपावलेली; तिच्या रोखाने समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गलबतेच गुराबांना ओढून नेत.

त्या गुराबा गेल्या कोठे? फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. तोफगोळे वॉटसनच्या इंग्रजी जहाजांचे होते. पण त्या मोहिमेत नानासाहेब पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूस होती. तुळाजी पेशव्यांस जुमानीत नसत, हे खरे. तरी घरचे भांडण मिटविण्यास बाहेरचा बोलावला आणि समुद्र त्याच्या हाती गेला.

आपणा माळव्यातील मराठी मंडळींना ही गोष्ट परकी नाही. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावांनी निजामास याच भोपाळात कोंडले. जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याचा तह झाला. त्या विजयाच्या ओघातच आपल्यापैकी अनेक घराणी नर्मदेच्या उत्तरेस स्थिरावली. ज्या पेशवाईने आपणांस माळवा दिला, तिनेच अठरा वर्षांनी ते आरमार जळू दिले. पहिली गोष्ट आपण अभिमानाने सांगतो; दुसरी सहसा सांगत नाही.

आमची गुराब अर्धी झाली आहे. दिवाळीत मुले किल्ला करतात, मावळे मांडतात. समुद्र मात्र कोणी करीत नाही. यंदा किल्ल्याच्या पायथ्याशी निळी रांगोळी घालून तिच्यावर गुराब उभी करावी, असा मानस आहे. नातवंडांनी 'ही कोणी जाळली?' असे विचारले, तर अर्धे उत्तर देऊन चालणार नाही.