विश यू वेअर हिअर : अनुपस्थिताची मैफल
'पिंक फ्लॉइड' या ब्रिटिश बँडचा हा अल्बम सप्टेंबर १९७५मध्ये प्रसिद्ध झाला. बँडच्या संस्थापकांपैकी एक असलेला सिड बॅरेट ढासळत्या मानसिक अवस्थेमुळे १९६८मध्येच दुरावला होता. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' ही नऊ भागांची, सुमारे २६ मिनिटांची रचना त्यालाच उद्देशून आहे. तिचे दोन खंड अल्बमच्या आरंभी व अखेरीस येतात. घाई असलेल्याने या वाटेला जाऊ नये. गायन सुरू व्हायलाच आठ मिनिटांहून अधिक काळ लागतो. तोवर डेव्हिड गिल्मरच्या गिटारचे ते चार सूर मनात घर करून बसतात.

जून १९७५मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत काम चालू असताना डोके व भुवया भादरलेला एक स्थूल माणूस आत आला. सोबत्यांनी त्याला प्रथम ओळखलेच नाही. तो सिड होता.